पाणी न ओलांडायचं पथ्य

वळसंगहून पहिली एसटी निघते तेव्हा गावात फक्त दूधवाले आणि दुखणेकरी जागे असतात. काशम्माकडे त्या दिवशी दोन्ही खाती होती. म्हशीची धार काढून ती म्हैस शेजारच्या गुरम्माच्या दावणीला बांधायची होती, आणि नवऱ्याला धोतर नेसवून फाट्यावर आणायचं होतं. म्हैस लवकर ऐकली.

तसा मल्लप्पाचा काही हट्ट नव्हता. उलट तो तिच्या आधी उठून बसला होता. घाई झाली होती ती त्यालाच, आणि त्या घाईत डाव्या हातानं सोगा ओढून ओढून तो तिनं नेसवलेलं धोतर परत सोडत होता. शेवटी तिनं त्याच्या त्या चांगल्या हातात पटका दिला, धरा म्हणाली, आणि मग काम उरकलं. पटका आज हवाच, असं त्यानं आदल्या संध्याकाळी खुंटीकडं बोट दाखवून सांगितलं होतं. आजारी पडल्यापासून पटक्याकडं त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं.

दिवाळीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा पाय निम्मा परत आला, फरफटत का होईना चालायला लागला. उजवा हात आला नाही. आणि बोलणं गेलं ते असं, की चाळीस वर्षं बाजार गाजवलेली मराठी पुसून टाकल्यासारखी झाली, आणि घरातल्या कानडीतला एकच शब्द मागं राहिला. ब्याड. म्हणजे नको. चहा नको असला की ब्याड, चहा हवा असला की ब्याड. पुण्याहून लेकीचा, भुवीचा, फोन आला की ब्याड, आणि फोन ठेवला की डोळे पुसत ब्याड. यातलं कुठलं नको म्हणतंय आणि कुठलं दे म्हणतंय, हे फक्त काशम्माला कळायचं. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं तरी कळायलाच पाहिजे, असं ती म्हणायची. तो धडधाकट होता आणि दिवसभर बोलायचा, तेव्हा तिला त्यातलं निम्मंसुद्धा ऐकायला वेळ नव्हता.

मल्लप्पा बैलबाजारातला दलाल. बैलाचा भाव तोंडानं कुणी सांगत नाही. घेणाऱ्यानं आणि दलालानं हातात हात द्यायचा, वरून उपरणं टाकायचं, आणि खाली बोटांनी बोलायचं. कुठलं बोट दाबलं, किती धरली, किती सोडली, यात सगळा सौदा. भोवती चारचौघं उभी असतात, पण त्यांना दोघांचे नुसते चेहरे दिसतात, आणि मल्लप्पाचा चेहरा अशा वेळी देवळात बसल्यासारखा असायचा. बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत लोक म्हणायचे, मल्लप्पाला दोन जिभा, एक तोंडात आणि एक हातात. वाऱ्यानं दोन्ही नेल्या.

खरं बोलायचं तर बाजारच उठत चालला होता. गावागावात ट्रॅक्टर आले होते, आणि ट्रॅक्टरचा भाव उपरण्याखाली ठरत नाही, शोरूमच्या काचेवर चिकटवलेला असतो. हात परत आला तरी तो कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न होताच. पण काशम्मानं तो कधी विचारला नाही. माणूस एकच गोष्ट मागत असताना, मिळाल्यावर तिचं करणार काय, असं विचारू नये.

औषधाची गोष्ट तिला सोलापूरच्या दवाखान्यात कळली. व्यायामासाठी नंबर लावून बसलेली इंदापूरकडची एक बाई होती. ती म्हणाली की उजनीच्या पाण्यापलीकडं, आमच्या अंगाला, बजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, मुळी उगाळून देते, पैसा घेत नाही, नुसता नारळ. माझा भाऊ उचलून नेला होता, आता सायकल चालवतो. डॉक्टरांनी आधी 'वेळ लागेल' म्हटलं होतं. हल्ली ते 'व्यायाम चालू ठेवा' एवढंच म्हणायचे, वेळेचं नाव काढत नव्हते. काशम्माचा मुळीवर विश्वास होता असं नाही. पण अविश्वास ठेवायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तो दिवाळीपासून संपत आला होता. मल्लप्पाला मात्र तिनं हे सांगितलं, आणि त्यानं ब्याड म्हटलं नाही. त्या दिवसापासून तो रोज दाढी करून घ्यायला लागला.

शुक्रवारी भुवी बाळंतपणाला येणार होती. एकदा ती आली की तीन-चार महिने घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून हा आठवडा, म्हणून ही पहिली एसटी. जायचं, औषध घ्यायचं, दिवेलागणीपर्यंत सोलापूर गाठायचं. भुवीनं फोनवर नाक मुरडलं होतं. अव्वा, झाडपाल्यानं मेंदूतली शीर मोकळी होते का, असं म्हणाली होती. मग तिनंच विचारलं की जाताना अप्पांना खिडकीची जागा मिळेल ना.

सोलापूरपर्यंत मिळाली. सोलापूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला गर्दी होती. बायकांचं तिकीट अर्धं झाल्यापासून सगळ्या बायकांना माहेर आठवायला लागलंय, असं एक बाप्या शेजाऱ्याला सांगत होता. काशम्मानं खिडकीतून पिशवी आत टाकली, सीटवर पडलेली पिशवी बघून मग दारातून शिरली आणि मल्लप्पाला मागून ढकलत आणलं. जागा धरण्यात तिचा हात कुणी धरत नसे. जत्रेची पंगत असो, रेशनचं दुकान असो की दवाखाना, दोन रांगा दिसल्या की आखूड कुठली हे तिच्या डोळ्यांना आधी कळायचं आणि तिला नंतर.

सगळ्यात अवघड काम स्टँडवरच्या मुतारीचं होतं. तिथं ती आत जाऊ शकत नव्हती आणि तो एकटा निऱ्या सांभाळू शकत नव्हता. मग ती दारात पाठमोरी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, दादा, आत आमचं माणूस हाय, जरा हात द्या की. बहुतेक जण द्यायचे. एक जण म्हणाला, एवढं आजारी माणूस घिऊन फिरता कशाला. काशम्मा म्हणाली, घरात ठिवून बघितलं, तितं बी बरं व्हईना.

मोहोळ गेलं, टेंभुर्णी आली. उन्हं तापायला लागली होती. चौकातल्या हॉटेलात तिनं चहा बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला, निम्मा आत गेला, निम्मा हनुवटीवरून. तिनं पदरानं पुसलं. तो रस्त्याकडं बघत होता. पुण्याला, पंढरपूरला, नगरला जाणाऱ्या गाड्या एकमेकींना वाट देत नव्हत्या. पूर्वी तो इथं उतरला की चार जण हाक मारायचे. आज कुणी मारली नाही. पटका मात्र त्यानं डाव्या हातानं दोनदा सारखा केला.

तिथून पाण्यापर्यंत वडाप. जीपवाला हिंदुराव हा पंधरा माणसं भरल्याशिवाय चावी न फिरवणाऱ्यांपैकी होता. त्यानं मल्लप्पाला पुढं बसवलं, पाय उचलून आत ठेवला, आणि वाटेत सांगितलं की परतीची शेवटची लाँच पाचची, वारं सुटलं तर त्याच्या आधीच सुटते, मग मुक्काम. काशम्मानं पाच हा आकडा पदराला गाठ मारावी तसा मनाला बांधून घेतला. मुक्काम कुठं करणार? त्या अंगाला तिची ना पै ना पाहुणी.

धरणाचं पाणी तिनं पहिल्यांदाच बघितलं. तिला वाटलं होतं नदी असेल, जरा रुंद. हे तर आभाळ खाली अंथरल्यासारखं होतं, पलीकडचा काठ म्हणजे काजळाची रेघ. लाँच म्हणजे पत्र्याची एक सपाट होडी, तिच्यात आधी मोटरसायकली चढल्या, मग दोन शेरडं, मग माणसं. मल्लप्पाला फळीवरून आत घ्यायला तिघं लागले. बसायला एक लोखंडी पेटी मिळाली.

लाँच मध्यावर आली तेव्हा समोरून कुणीतरी म्हणालं, "मल्लप्पा न्हवं का? वळसंगचं?"

जोतीराम म्हणून करमाळ्याकडचा बैलांचा व्यापारी होता. बार्शीच्या बाजारात दोघांनी मिळून किती जोड्या फिरवल्या असतील याची मोजदाद नव्हती. आनंदानं तो उठला, होडी हलली, बायका ओरडल्या. मल्लप्पाचं तोंड वाकडं दिसतंय हे त्याच्या लक्षात यायच्या आत त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या उजव्या हातावर टाकलं होतं आणि खाली हात घातला होता. बाजारातली माणसं अशीच भेटतात, राम राम बोटांनीच होतो.

काशम्मा बघत होती. उपरणं एकदा हललं. जोतीरामनं खाली काहीतरी विचारलं असणार. मग तो थांबला. परत एकदा हललं, या वेळी हळू. मल्लप्पा त्याच्याकडं तोच जुना देवळातला चेहरा करून बघत होता. जोतीरामनं हात लगेच काढला नाही, हा त्याचा चांगुलपणा. थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढून घेतला, उपरणं झटकलं आणि काशम्माकडं वळून म्हणाला की यंदा पाणी अजून बरं टिकलंय, वहिनी. बाकीची वाट त्यानं पलीकडं उथळ पाण्यात उतरलेल्या गुलाबी पक्ष्यांबद्दल बोलण्यात घालवली. ते बघायला पुण्याहून लोक येतात म्हणे, होड्या करून. उतरल्यावर कुणाच्या तरी टेम्पोत त्यानंच दोघांना बसवून दिलं आणि जाताना मल्लप्पाच्या डाव्या खांद्यावर थोपटलं.

बजाबाईचं घर स्लॅबचं होतं, पुढं ओटा, अंगणात कडुलिंब. माणसं बरीच होती. बजाबाईची नातसून अंकिता, कानाला मोबाईल आणि काखेत पोर, येईल त्याला सांगत होती की ह्या अंगाचे लोक हितं ओट्यावर बसा आणि पाण्यापलीकडनं आलेले तितं झाडाखाली. झाडाखाली वीस-बावीस माणसं तरी होती. ओट्यावर चार.

काशम्माच्या डोळ्यांना आधी कळलं आणि तिला नंतर. गावची माणसं आधी, परकी मागून, अशी सगळीकडची रीतच असते. झाडाखाली बसलं तर पाचची लाँच गेली. तिनं पिशवी ओट्यावर टाकली.

अंकितानं विचारलं, कुठलं गाव?

"इंदापूर," काशम्मा म्हणाली. त्या अंगाचं तेवढं एकच नाव तिला ठाऊक होतं.

मल्लप्पा म्हणाला, "ब्याड."

अंकितानं जरा निरखून बघितलं, पण तेवढ्यात तिच्या मोबाईलमधलं माणूस काहीतरी बोललं आणि ती आत गेली. मल्लप्पा परत म्हणाला, ब्याड, या वेळी जोरात. काशम्माला वाटलं तहान लागली. तिनं तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं तोंड फिरवलं. भाव कितीही फिरवावा, पण बैलाचं गाव खोटं सांगू नये, हा त्याचा बाजारातला नेम होता. तो नेम तिला आठवला, पण खूप उशिरा.

औषध देताना बोलायचं नाही, हा बजाबाईचा नियम. ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती, वाळलेल्या शेंगेसारखी, आणि समोर सहाण. तिनं मल्लप्पाचा मेलेला हात आपल्या मांडीवर घेतला, खांद्यापासून बोटापर्यंत चाचपला. मग मुळी दुधात उगाळली. कुणी खोकत नव्हतं. काशम्माचे हात मनात नसतानाही जोडले गेले. मल्लप्पानं तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं. म्हातारीनं बोटानं औषध जिभेवर सोडलं, उरलेलं हाताला चोळलं. थोडा वेळ गेला. तिनं मान हलवली, म्हणजे आता बोला.

मग तिनं पथ्य सांगितलं, सासूनं घालून दिलेलं म्हणून. सव्वा महिना आंबट नाही, वांगं नाही, तेलातलं नाही. कुणाच्या मयताला जायचं नाही. "आन् पानी वलांडायचं न्हाय. नदी न्हाय, वढा न्हाय. वलांडलं की औशद मागं ऱ्हातं, मानूस फुडं जातं."

काशम्माला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं विचारलं की हे धरणाचं पाणीसुद्धा का. म्हातारीनं डोळे बारीक केले आणि उलट विचारलं, तुमी कुटल्या? मग काशम्मानं सांगितलं. वळसंग, सोलापूरच्या पलीकडं, लाँचनं आलो. रांगेचंही सांगितलं. एवढं तोंडाला आल्यावर लपवायला काही उरलं नव्हतं.

बजाबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात कपाळाला लावला.

"बाई, झाडाखाली बसवते ती मागं टाकाया न्हाय गं," ती म्हणाली. "त्यांना आदी इचारते, सव्वा महिना ऱ्हायाला हितं कोन हाय का. नसलं तर देत न्हाय. जा म्हनते, सोय करून या. ह्ये जन्मात एकदाच देता येतं. दुसऱ्यांदा दिलं तर पानी हाय नुसतं."

बार्शीचा एक माणूस गावात खोली घेऊन राहिला होता, असं तिनं सांगितलं. पूर्वी ती लोकांना गोठ्यात ठेवून घ्यायची, आता गोठा पाडून नातवानं मासळीवाल्यांना गाळे दिले. काशम्मा हुज्जत घालायला लागली. तिला स्वतःचाच आवाज बाजारातल्यासारखा ऐकू येत होता. वाहतं पाणी वेगळं, हे तर अडवलेलं, तळंच की हे. तुमच्या सासूनं नियम सांगितला तेव्हा धरण होतं का?

"न्हवतं," म्हातारी म्हणाली. "तवा नदी व्हती, उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. आमचं जुनं गाव त्या पान्याखाली गेलं. सासू त्याच्या आदी गेली. हाताशी असती तर इचारलं असतं तिला, ह्ये धरान धरायचं का न्हाय. मला ठावं न्हाय बाई. मला पानी म्हंजी पानी."

नारळ तिनं घेतला नाही. परत पिशवीत घालून दिला.

मल्लप्पाचे कान शाबूत होते, हे दोघीही विसरल्या होत्या.

धक्क्यापर्यंत तो नीट आला. टेम्पोतून उतरला, काठीवर भार देत उतार उतरला. लाँच लागलेली होती, मोटरसायकली चढत होत्या. पाण्यापासून दहा पावलांवर एक दगड होता, त्याच्यावर तो बसला. चला, काशम्मा म्हणाली. त्यानं काठी आडवी मांडीवर ठेवली. ब्याड.

हे साधं नको होतं. ती आधी गोड बोलली. मग चिडली. मग तिनं ते तळ्याचं परत सांगून बघितलं, म्हणाली, हे बघा, वाहतंय का कुटं, पान पडलं तर जागचं हलत न्हाय. त्यानं डावा हात उचलून लांब मध्यावर बोट दाखवलं. तिथं खाली नदी होतीच, यावर ती काय सांगणार. शिवाय चाळीस वर्षं तोंडाकडं न बघता सौदे केलेला माणूस तो, तोंडानं सांगितलेलं त्याला कधी पटलंच नव्हतं.

लाँचवाल्यानं दोनदा हाक मारली. वर बसलेल्यांतला एक जण म्हणाला, आजोबांना सासुरवाडी गोड लागली वाटतं. दोघं हसले. वारं जरा जरा सुटायला लागलं होतं.

काशम्मा त्याच्या शेजारी वाळूत बसली. बसल्यावर कळलं की पाय किती दुखतायत. तिनं मनातल्या मनात सव्वा महिना मांडून बघितला. गोळ्या उद्यापर्यंतच्या. अंगावरचं एक लुगडं. गुरम्माकडं म्हैस. आणि भुवी. कुठल्याही बाजूनं धरलं तरी तो महिना हातात येत नव्हता. आणि झाडाखाली खरं गाव सांगून बसली असती, तरी म्हातारीनं सोय करून या म्हटलं असतं, आणि ती सोय त्यांना या जन्मात जमणार नव्हती. खोटं बोलून तिनं औषध वाया घालवलं होतं, पण खरं बोलून ते मिळणारही नव्हतं. कुठं चुकलं हे शोधायला गेलं तर चुकायला जागाच सापडत नव्हती, आणि तरी चूक तिचीच होती.

फोन वाजला. भुवीच. अव्वा, निघालात का, अप्पांनी औषध घेतलं का, कडू होतं का. काशम्मा म्हणाली, घेतलं, लाँचलाच बसतोय. भुवी म्हणाली, माझे पाय सुजलेत गं, शुक्रवारची वाट बघतेय नुसती. तिचा आवाज मोठा होता, मल्लप्पाला सगळं ऐकू गेलं.

काशम्मानं फोन पिशवीत टाकला. पाण्याकडं बघत ती कानडीत बोलली, घरात बोलायची तशी, हळू.

"बसायचं तर बसू या हितंच. तुमचं म्हणणं मोडत न्हाय मी, आधीच लई मोडून बसले. कुटंतरी पडवी बघते. भुवीला सांगते, सासरीच ऱ्हा, येऊ नको. सांगू का?"

लाँचवाला फळी ओढायला वाकला होता. मल्लप्पानं काठी जमिनीला टेकवली.

"ब्याड," तो म्हणाला आणि उठायला लागला.

या ब्याडचा अर्थ लावायला काशम्मासुद्धा लागली नसती, लाँचवाल्यालाही तो कळला. त्यानं फळी परत टाकली.

ती मागं, तो पुढं. कुणीतरी जागा दिली. इंजिन फटफटलं आणि काठ सुटला. तेव्हा मल्लप्पानं एक गोष्ट केली. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, आणि तो हात उचलला. मांडीवरून, छातीवरून, डोक्याच्या वर. सगळं अंग पाण्यावरून चाललं होतं, त्याला इलाज नव्हता. पण तेवढा औषध लावलेला हात त्यानं पाण्यापासून जमेल तितका लांब, उंच धरला. लाटांचे थेंब आत यायला लागले तसा आणखी वर.

होडीतल्यांना वाटलं, काठावर कुणी सोडायला आलंय आणि म्हातारा निरोप घेतोय. काठावर धुणं धूत होती एक बाई, तिलाही तसंच वाटलं असणार. तिनं पिळा खाली ठेवला आणि हात हलवला.

काशम्माला सांगता आलं असतं की असं काही नसतं, हात खाली घ्या, खांदा भरून येईल. मध्यावर आल्यावर त्याचा डावा हात थरथरायला लागला. चांगलाच हात तो, पण त्यालाही साठ वर्षं झाली होती. कोपर खाली यायला लागलं. मग काशम्मा सरकून त्याच्या पाठीशी गेली, दोन्ही हात वर केले आणि खालून टेकू दिला. पदर वाऱ्यानं उडाला, डोक्यावरनं पडला. बघणाऱ्यांनी बघितलं. तिनं तो मेलेला हात धरून ठेवला. तेलानं चोळून चोळून तिला त्याचं वजन पाठ होतं, तरी वर धरल्यावर तो आणखी जड लागला.

या अंगाचा काठ आला. होडी वाळूला घासून थांबली. आधी मोटरसायकली उतरल्या. मल्लप्पानं मनगट सोडलं, तिनंही हळूहळू हात खाली आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. तो तिथं पडून राहिला, सकाळी पडला होता तसा. दोघांनी त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं. बोटं हलतात का, असं बघितलं नाही, असं काशम्माला स्वतःला म्हणता आलं नसतं.

हिंदुरावची जीप चढावर उभी होती. त्यानं सकाळसारखंच पाय उचलून आत ठेवला, आणि दार लावता लावता विचारलं की माझी पण चुलती हाय अंथरुणावर, तितल्या औषधाला गुण येतो का वो.

"येतो म्हणतात," काशम्मा म्हणाली. "त्या अंगाला ऱ्हाणाऱ्यांना."

हिंदुरावनं समजल्यासारखी मान हलवली. मागं अजून चार माणसांची जागा रिकामी होती. त्यानं चावी खिशात घातली आणि टेंभुर्णी, टेंभुर्णी असं ओरडत परत पाण्याकडं गेला.